इंजिन तापलेले, डोके मात्र थंड

सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते. दोन-तीन तास सुरळीत धावते. मग वाटेत चहाला म्हणून वीस मिनिटे थांबावे आणि परत येऊन पाहावे, तर ती जागची हलायला तयार नाही! सेल्फ मारून मारून बॅटरी दमते, भोवती दहा सल्लागार जमतात, आतली मुले घामाघूम होतात. तासाभराने तीच गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. जुनी पेट्रोल गाडी ज्यांच्या घरी होती किंवा आहे, त्या प्रत्येक कुटुंबाकडे अशी एक तरी गोष्ट असते. गेल्या मे महिन्यात आमच्याही वाट्याला एक आली. ती केवळ हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, म्हणून आजचे हे सदर तिच्यासाठी.

जबलपूरची जोंगा

माझी मावशी लग्न होऊन जबलपूरला गेली आणि तिथलीच झाली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून त्या गावात मराठी माणसे आहेत. पुढे रेल्वे आणि आयुध निर्माण्यांनी त्यांत भर घातली. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अशाच एका निर्माणीत तपासणी विभागात होते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, पण तपासणी काही सुटलेली नाही. दुधाच्या पिशवीपासून जावयाच्या चपलेपर्यंत सगळे ते डोळ्यांजवळ धरून पाहतात.

त्यांच्या दारात एक जोंगा उभी असते. तरुण वाचकांना हे नाव नवे असेल. जपानच्या निस्सान पॅट्रोल या गाडीच्या नमुन्यावर जबलपूरच्या निर्माणीत भारतीय सैन्यासाठी बनलेली ही दणकट गाडी. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तिचे बारसे झाले. बॉनेटखाली सहा सिलिंडरचे, 3956 सी.सी.चे पेट्रोल इंजिन. त्या काळातल्या आपल्या अॅम्बॅसॅडर-फियाटच्या दुपटीहून मोठे! 1999 साली तिचे उत्पादन थांबले. सैन्याने मोडीत काढलेल्या जोंगा लिलावात निघत आणि शौकीन मंडळी त्या घेत. 2019 मध्ये महेंद्रसिंग धोनीने रांचीत अशीच एक जोंगा घरी आणली, तेव्हा नव्या पिढीनेही हे नाव ऐकले.

काकांनी त्यांची जोंगा फार पूर्वी अशाच लिलावात घेतली. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी घरी पोसणे म्हणजे हत्ती पोसणे. म्हणूनच बऱ्याच मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले. काकांनी ते केले नाही. "इंजिन काढलं की उरतो तो नुसता पत्रा," असे त्यांचे मत. घरातल्या बाकीच्यांचे मत वेगळे होते आणि गेल्या उन्हाळ्यात ते फारच जोरात मांडले जाऊ लागले होते, कारण गाडी वाटेत रुसू लागली होती. दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगळी निदाने केली, एकाच्या सांगण्यावरून नवी बॅटरी आली, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सेल्फ उघडला गेला. गुण काही आला नाही.

शहपुऱ्याची दुपार

जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागले की साधारण तीस किलोमीटरवर शहपुरा लागते. (डिंडोरी जिल्ह्यातले शहपुरा वेगळे.) हिवाळ्यात हा सगळा भाग मटारच्या शेतांनी हिरवागार असतो. मे महिन्यात मात्र डांबर चपलेला चिकटते. जवळच भिटौनीला रेल्वे स्टेशन आणि इंधनाचा मोठा डेपो आहे, त्यामुळे रस्त्यावर टँकरची ये-जा. एका नातेवाइकांकडचे लग्न उरकून आम्ही परतत होतो. गाडीत काका, मावशी, मावसभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी. पारा चाळिशीच्या पुढे. शहपुऱ्यात एका टपरीसमोर गाडी थांबवली, चहा आणि उसाचा रस झाला, वीस मिनिटे गेली. परत येऊन काकांनी सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही.

पुढचा पाऊण तास मला अजून लख्ख आठवतो. मावसभाऊ म्हणाला, "एअर लॉक झालाय, पंपावर ओलं फडकं टाका." फडके टाकले, पाणी शिंपडले, काही झाले नाही. एकाने धक्का मारायचा सल्ला दिला. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला एक उत्साही पोरगा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आला. एअर फिल्टरचे झाकण काढून कार्बुरेटरच्या तोंडात थोडे ओतायचे आणि सेल्फ मारायचा, हा त्याचा रामबाण उपाय. मुले मागच्या बाकावर बसलेली. वहिनीच्या मांडीवर धाकटा झोपलेला.

त्याच वेळी मावशी म्हणाली, "अहो, पण पेट्रोलचा वास तर आधीच केवढा येतोय! दोन महिने झाले मी सांगतेय, गाडी थांबली की वास येतो."

दोन महिने तिच्या या वाक्याला "जुन्या गाडीत वास यायचाच" हे एकच उत्तर मिळत होते. त्या दिवशी काका थबकले. पोराचा हात त्यांनी वरच्यावर धरला. "रुक जा बेटा!" आणि मग आम्हा सगळ्यांना, निर्माणीत देत असतील त्या आवाजात, "खाली उतरा सगळे. मुलांना आधी घ्या. त्या झाडाखाली जा. कोणी काडी पेटवू नका."

बॉनेट उघडे ठेवून ते दूर उभे राहिले. वीसेक मिनिटांनी जवळ जाऊन त्यांनी पेट्रोलच्या नळीवरून पांढरा रुमाल फिरवला. रबरी नळी कार्बुरेटरजवळ मऊ, चिकट झाली होती आणि तिला बारीक चीर गेली होती. रुमाल ओला झाला. त्या नळीच्या खाली चार बोटांवर एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड होता.

पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. त्यात वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारला असता आणि इंजिनाने एकदा जरी कार्बुरेटरमधून उलटा भडका टाकला असता, तर काय झाले असते हे लिहायला नको.

बंद केल्यावर इंजिन अधिक का तापते?

मोटारीच्या भाषेत या दुखण्याला 'हॉट स्टार्ट'ची तक्रार म्हणतात. तिचे मूळ समजायला फार शास्त्र लागत नाही. चुलीवरून दूध उतरवले तरी पितळी पातेले तापलेले असल्यामुळे ते थोडा वेळ उकळतच राहते, तसेच हे आहे.

गाडी धावत असते तेव्हा पंखा हवा खेचतो, रेडिएटरचे पाणी फिरत राहते, टाकीतून ताजे, त्या मानाने गार पेट्रोल सतत येत असते. किल्ली फिरवून इंजिन बंद केले की हे तिन्ही एकदम थांबते. पण लोखंडाच्या धुडात साठलेली उष्णता जाणार कुठे? ती वर चढते. बॉनेटखालचे तापमान पुढची दहा-वीस मिनिटे उलट वाढतच जाते. इंजिन जितके मोठे आणि बॉनेटखाली जागा जितकी कमी, तितका हा त्रास अधिक. म्हणूनच मोठ्या ताकदीच्या जुन्या गाड्या यासाठी बदनाम आहेत. 1961 साली आलेली इंग्लंडची सुप्रसिद्ध जग्वार ई-टाइप घ्या. 3.8 लिटरचे इंजिन, तीन कार्बुरेटर, देखणे लांब बॉनेट. पण कडक उन्हात थांबवून पुन्हा सुरू करताना तिचे श्रीमंत मालकही आपल्यासारखेच घाम पुसतात.

पेट्रोल हे पाण्यासारखे एका ठराविक अंशाला उकळत नाही. ते अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातला हलका भाग 35-40 अंशांपासूनच वाफ होऊ लागतो, जड भाग 200 अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच हा पहिला आकडा गाठला जातो! त्यात 2025 पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या मिश्रणाने पेट्रोलचा हलका भाग वाफ व्हायला अधिक उतावीळ होतो. शिवाय जुन्या गाड्यांच्या नळ्या, वॉशर, पडदे यांचे रबर त्यासाठी बनलेले नाही. ते फुगते, मऊ पडते, चिरते. काकांच्या नळीचे बहुधा हेच झाले होते.

नव्या गाड्यांत हा त्रास जवळजवळ दिसत नाही, कारण त्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली असते. दाबाखालचे द्रव सहजी उकळत नाही. प्रेशर कुकरमुळे गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. कार्बुरेटरच्या गाडीत मात्र पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांना खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनी आठवत असतील, पंपावर ओले फडके गुंडाळलेल्या! तो उपाय खोटा नव्हता. पण तो चारांपैकी एकाच दुखण्यावरचा उपाय आहे, आणि आपण तो चारही दुखण्यांवर करतो.

चार संशयित

गरम गाडी सुरू होत नसेल तर कारण या चारांतलेच एक असते. वही-पेन्सिल घेऊन एकेकाला वगळत गेले की खर्च वाचतो आणि जीवही.

पहिला, पेट्रोल जास्त होणे. कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात गळते. खूण म्हणजे पेट्रोलचा उग्र वास, प्लग काढला तर ओला, सुरू झालीच तर सायलेन्सरमधून काळा धूर. अशा वेळी आपण घाबरून अॅक्सिलरेटर भराभर दाबतो. प्रत्येक दाबण्याबरोबर आणखी पेट्रोल आत उडते आणि आगीत तेल नसले तरी चिखलात पाणी पडते! बाहेर कुठे गळती नाही याची खात्री करावी, चोक पूर्ण बंद ठेवावा, अॅक्सिलरेटर एकदाच सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. जास्तीची हवा आत जाऊन ओल सुकते.

दुसरा, पेट्रोल न पोहोचणे. नळीत किंवा पंपात वाफ अडकते. हाच मंडळींचा 'एअर लॉक'. खूण अगदी उलटी. वास नाही, प्लग कोरडा, काचेचा फिल्टर असेल तर त्यात बुडबुडे. इथे ओले फडके उपयोगी पडते. ते पंपावर आणि नळीवरच ठेवावे. तापलेल्या ब्लॉकवर किंवा मॅनिफोल्डवर गार पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो. टाकीचे झाकणही एकदा उघडून पाहावे. 'फुस्स' आवाज करून हवा आत गेली, तर झाकणाचे बारीक भोक बुजलेले आहे आणि पंप बिचारा रिकाम्या टाकीशी नव्हे, बंद टाकीशी झगडतो आहे.

तिसरा, ठिणगी कमी पडणे. कॉइल आणि कंडेन्सर ही दोन मंडळी थंड असताना गुणी, तापली की आजारी. कॉइलला हात लावता येत नाही इतकी ती तापली असेल, ठिणगी निळी-जाड पडण्याऐवजी पिवळसर-केविलवाणी पडत असेल, तर चोर सापडला. मात्र ठिणगी तपासण्याचे काम पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर आणि जाणत्या माणसानेच करावे.

चौथा, सेल्फ संथ फिरणे. इंजिन 'घूं...घूं...' करत कष्टाने फिरत असेल, तर पेट्रोलकडे पाहूच नका. तांब्याची तार 100 अंशांनी तापली की तिचा विरोध सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. सेल्फ एक्झॉस्टशेजारी बसलेला, त्यात जुनी केबल, गंजलेली अर्थची पट्टी. बॅटरी नवी असून काय करील? आधी केबलची टोके आणि इंजिन ते चेसिस ही अर्थची जोडणी घासून स्वच्छ करावी. सेल्फ उघडणे ही शेवटची पायरी. जोमदार इंजिनांत टायमिंग फार पुढे ठेवलेले असले तरी गरम असताना ते सेल्फला उलटा झटका देते.

वहीतल्या तीन ओळी

त्या दिवशी शहपुऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात पेट्रोलची नळी मिळाली. काकांनी ती मॅनिफोल्डपासून दूर वळवून बसवली, क्लिपा आवळल्या, पुन्हा रुमाल फिरवून पाहिला. रुमाल कोरडा. अॅक्सिलरेटर तळाला धरून सेल्फ मारला आणि जोंगा गुरगुरली. आम्ही संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचलो. जेवताना मावसभावाने डिझेल इंजिनाचा विषय काढलाच. काका म्हणाले, "आठ दिवस दे मला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका जुन्या वहीत नोंदी सुरू केल्या. रोज दुपारी गाडी तासभर फिरवायची, बंद करायची आणि ठराविक वेळाने सुरू करून पाहायची. तीन ओळी त्यांनी मला वाचून दाखवल्या. 2 मिनिटांनी सुरू. 20 मिनिटांनी नाही, प्लग ओला. 70 मिनिटांनी सुरू. "बघ," ते म्हणाले, "बॅटरी किंवा सेल्फ खराब असता तर दोन मिनिटांनीही रडला असता. गाडी सगळं सांगत होती, आम्ही विचारलंच नाही."

ओला प्लग म्हणजे पहिला संशयित. आता प्रश्न होता, इतकी वर्षे नसलेला त्रास आताच का? कार्बुरेटर उतरवल्यावर उत्तर मिळाले. मागे कधीतरी दुरुस्तीच्या वेळी त्याच्या खालची जाड, उष्णता अडवणारी बेकेलाइटची बैठक फुटली असावी. तिच्या जागी कुणीतरी साधे पातळ पॅकिंग लावले होते. मधला पत्र्याचा आडोसाही गायब होता. म्हणजे मॅनिफोल्डची धग थेट कार्बुरेटरच्या वाटीला! काकांनी बैठक बनवून घेतली, पत्रेकामवाल्याकडून आडोसा कापून घेतला, फ्लोटची पातळी तपासली आणि टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसवल्या. सगळा खर्च आधी घेतलेल्या नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी झाला.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तर उन्हाळ्यापूर्वी एवढे जरूर करा:

- सगळ्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहा. मऊ, चिकट किंवा चिरलेली नळी त्याच दिवशी बदला.
- थांबल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तो गाडीचा 'स्वभाव' समजू नका. ती गळती समजा आणि शोधा.
- कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ओतून गाडी सुरू करू देऊ नका, सांगणारा कितीही जाणकार असो.
- बॉनेट उघडण्याआधी मुलांना आणि वृद्धांना खाली उतरवा, सावलीत आणि गाडीपासून दूर.
- छोटे पावडरचे अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका.
- कडक उन्हात थांबायचे असेल तर सावली निवडा आणि गाडी सुरक्षित उभी असेल तर बॉनेट थोडे उघडे ठेवा.
- किती मिनिटांनी सुरू झाली नाही, वास होता की नव्हता, सेल्फ जोरात होता की संथ, हे लिहून ठेवा. तो कागद मेकॅनिकच्या हाती द्या.

मी परतण्याच्या आदल्या दिवशी काकांनी भर दुपारी दीड वाजता गाडी काढली. मावशी, मुले आणि मी बरोबर. पुन्हा तेच शहपुरा, तीच टपरी. इंजिन बंद केल्यावर काकांनी घड्याळ पाहिले. चहा झाला, रस झाला. बरोबर वीस मिनिटांनी ते उठले. मुलांनी श्वास रोखला. तो पेट्रोलवाला पोरगाही दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पहिल्या झटक्याला नाही, दुसऱ्याला गाडी सुरू झाली. काकांनी आधी वही काढून वेळ लिहिली, मगच हसले.

"वास?" त्यांनी मागे वळून विचारले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो प्रश्न मावशीला आपण होऊन केला होता.

"नाही," मावशी म्हणाली. तिने खबरदारी म्हणून घरून एक फडके ओले करून आणले होते. ते आता लागणार नव्हते. तिने त्याने उसाच्या रसाने माखलेली नातवंडांची तोंडे पुसली आणि गाडी जबलपूरच्या दिशेने निघाली.